सान सिरोचं वय किती? जुनं स्टेडियम राखावं की नवं बांधावं



मागच्या वेळी आम्ही वस्तूच्या ओळखीविषयी बोललो होतो. रथाचे भाग सुटे केले तर रथ नेमका कुठे राहतो, हा भिक्खू नागसेनांनी मिलिंद राजाला घातलेला पेच. आणि जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलत गेल्या तर शेवटी उरतं ते तेच जहाज का, हा थिसियसच्या जहाजाविषयीचा ग्रीकांचा जुना वाद. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "सर, रथ आणि जहाज आता कुणाच्या दारात नसतं. आमच्या सोसायटीत इमारतीची दुरुस्ती करायची की पाडून नवी बांधायची, यावर सहा वर्षं भांडण चाललंय. त्यावर तुमचं तत्त्वज्ञान काय म्हणतं?"

सभागृहात हशा पिकला, आम्हीही हसलो. पण घरी जाताना प्रश्न डोक्यातून जाईना. कारण प्रश्न तोच आहे. फक्त जहाजाच्या जागी इमारत आली, आणि इमारतीखाली जमीन आहे. जमीन आली की तत्त्वज्ञानाला पाय फुटतात.

सोसायटीची भांडणं जिन्यात होतात, त्यांची नोंद राहत नाही. म्हणून आज आम्ही असं एक भांडण निवडलं आहे जे साऱ्या शहराने उघड्यावर केलं आणि ज्याचे कागद आहेत. इटलीतलं मिलान शहर आणि तिथलं सान सिरो हे फुटबॉलचं स्टेडियम. तिथेही साधारण सहा वर्षं वाद चालला, 2019 पासून 2025 पर्यंत.

एक खुलासा आधीच करतो. आम्ही फुटबॉलचे पंडित नाही. पण आमचं बालपण कोल्हापुरात गेलं, त्यामुळे हा खेळ आम्हाला पुस्तकातून शिकावा लागला नाही. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की शाहू स्टेडियमच्या वाटेवर काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना मिलान समजायला सोपं जाईल. तिथेही दोन कट्टर प्रतिस्पर्धी, एसी मिलान आणि इंटर, एकाच मैदानावर घरचे सामने खेळतात. दक्षिणेकडची बाजू मिलानवाल्यांची, उत्तरेकडची इंटरवाल्यांची. मैदान एकच, आणि दोघांनाही ते आपलं वाटतं.

तर आता इतिहास.

पिएरो पिरेल्ली हे नाव आपल्याला गाडीच्या टायरमुळे माहीत असतं. त्या उद्योग घराण्यातले पिएरो हे एसी मिलानचे अध्यक्ष होते. त्यांनी शहराच्या पश्चिमेला, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाशेजारी, स्वतःच्या पुढाकाराने स्टेडियम बांधायला घेतलं. वास्तुविशारद होते उलिस्से स्ताक्कीनी, ज्यांनी मिलानचं भव्य मध्यवर्ती रेल्वे स्टेशनही रेखाटलं. त्यांच्या जोडीला अभियंते अल्बेर्तो कुजिनी. काम सुरू झालं 1925 मध्ये आणि 19 सप्टेंबर 1926 रोजी उद्घाटनाचा सामना झाला. सव्वा वर्षाच्या आत पुरं स्टेडियम. आपल्याकडे तेवढ्या वेळात फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. सामना मिलान आणि इंटर यांच्यातच होता, आणि ज्यांनी स्टेडियम बांधलं ते मिलानवाले 6-3 असे हरले.

ते पहिलं स्टेडियम इंग्लिश पद्धतीचं होतं. चार बाजूंना चार सुट्या गॅलऱ्या, मधे मैदान, धावण्याची पट्टी नाही. पस्तीस हजार माणसं बसत. धावण्याची पट्टी नसणं ही साधी गोष्ट वाटते, पण तिच्यामुळे प्रेक्षक खेळाडूंच्या अंगाशी येऊन बसतात. सान सिरोचा जो दबाव पाहुण्या संघांना जाणवतो, त्याचं मूळ या निर्णयात आहे. नंतर सगळं बदललं, हे एक बदललं नाही.

1935 साली मिलान नगरपालिकेने हे स्टेडियम विकत घेतलं. हे वर्ष लक्षात ठेवा, आपण त्याकडे परत येणार आहोत. पालिकेने लगेच ते वाढवायला घेतलं. चार सुट्या गॅलऱ्यांमधले कोपरे भरून काढले. हे काम पुरं झाल्यावर 1939 च्या मे महिन्यात इटली आणि इंग्लंड यांचा सामना झाला, तो 2-2 असा सुटला. इंटर मात्र अजून इथे आलेलं नव्हतं. ते शहराच्या मध्यभागी अरेना नावाच्या जुन्या मैदानात खेळत होते. 1947 मध्ये तेही सान सिरोत भाडेकरू म्हणून आले.

मग 1955. युद्धानंतरचं मिलान, कारखाने जोरात, दक्षिणेतून कामगारांचे लोंढे येताहेत, आणि रविवारी प्रत्येकाला फुटबॉल बघायचाय. आर्मान्दो रोंका हे वास्तुविशारद आणि फेर्रुच्चो काल्झोलारी हे अभियंते यांनी जुन्या स्टेडियमभोवती आणि त्याच्या डोक्यावर दुसरी गॅलरी चढवली. इटालियन लोक अशा मजल्याला 'कडं' म्हणतात, हातात घालतो ते कडं. आपणही तोच शब्द वापरू. या दुसऱ्या कड्याला वर जायला जिने नाहीत. त्याऐवजी काँक्रीटचे उतरते रस्ते सगळ्या इमारतीला बाहेरून गुंडाळलेले आहेत, फेटा बांधावा तसे. माणसं त्यावरून चालत चढतात. सामन्याच्या दिवशी दुरून पाहिलं तर पूर्ण इमारत हळूहळू फिरते आहे असं वाटावं. स्टेडियमची क्षमता लाखाच्या घरात गेली. पुढे सुरक्षिततेसाठी ती कमी केली गेली.

निवृत्तीनंतर एका परिषदेसाठी मिलानला जाणं झालं तेव्हा सामना नव्हता. तिकीट काढून रिकामं स्टेडियम पाहिलं. आमचे गुडघे त्या वेळीही फारसे भरवशाचे नव्हते, तरी तो चढ चढताना त्रास झाला नाही. ज्याने तो रेखाटला त्याने म्हाताऱ्या माणसाचा, हाताशी मूल असलेल्या बाईचा, आठ तास यंत्रावर उभं राहून आलेल्या कामगाराचा विचार केला असावा, असं तेव्हा वाटलं. असो. हे आमचं वाटणं आहे, पुरावा नाही.

1980 मध्ये स्टेडियमला जुझेप्पे मेआत्झा यांचं नाव दिलं. 1934 आणि 1938 चे विश्वचषक जिंकणाऱ्या इटलीच्या संघातला हा खेळाडू. मुख्यतः इंटरचा, पण मिलानकडूनही खेळलेला. दोन्ही घरांना चालेल असं नाव शोधणं सोपं नव्हतं. तरी लोक आजही सान सिरोच म्हणतात.

तिसरं कडं आलं ते 1990 च्या विश्वचषकासाठी. जुन्या बांधकामावर तिसऱ्या मजल्याचा भार टाकता येत नव्हता. मग भोवती काँक्रीटचे 11 गोल मनोरे उभे केले आणि त्यांच्यावर तिसरं कडं ठेवलं. त्यातले चार कोपऱ्यांतले मनोरे आणखी उंच नेले आणि त्यांच्यावर लाल रंगाच्या प्रचंड लोखंडी तुळया टाकून छप्पर केलं. आज सान सिरोचं चित्र म्हटलं की ते लाल लोखंड आणि ते गोल मनोरेच डोळ्यांपुढे येतात. म्हणजे बघा, ज्याला लोक 'जुनं सान सिरो' म्हणून कवटाळतात, त्याचा चेहरा 1990 चा आहे. अंगरखा 1955 चा. आणि 1926 चा जो जीव, तो आत कुठेतरी, बाहेरून दिसतही नाही असा.

या तिसऱ्या कड्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. छप्पर आलं, प्रेक्षक पावसात भिजायचे थांबले, आणि गवत मरायला लागलं. ऊन पोचेना, वारा फिरेना. मैदानातलं गवत पुन्हा पुन्हा उचलून नवं अंथरावं लागलं. युरोपातल्या एका महान मैदानावर खेळाडू निसरड्या ढेकळांत घसरताना जगाने पाहिले. अखेर 2012 मध्ये नैसर्गिक गवतात कृत्रिम तंतू शिवून मिश्र मैदान केलं, तेव्हा कुठे हाल थांबले. दुरुस्तीचं शास्त्र काय असतं ते यावरून कळतं. एका जागी हात लावला की दुसऱ्या जागी काहीतरी उसवतं. ज्यांनी जुन्या घरात नवं न्हाणीघर काढलंय त्यांना हे सांगायला नको.

आता वादाकडे.

2019 च्या उन्हाळ्यात दोन्ही क्लबांनी मिळून सांगितलं की आम्हाला शेजारीच नवं स्टेडियम बांधायचं आहे, आणि ते झालं की सान सिरो पाडायचं. त्यांची बाजू आधी न्याय्यपणे मांडली पाहिजे. स्टेडियम उद्या कोसळेल असा हा वाद नव्हता. 2026 च्या फेब्रुवारीत हिवाळी ऑलिंपिकचं उद्घाटन त्याच इमारतीत झालं. क्लबांचं म्हणणं वेगळं होतं. आजच्या फुटबॉलची मिळकत तिकीटखिडकीवर कमी आणि सामन्याआधी-सामन्यानंतरच्या खाण्यापिण्याच्या, बैठकांच्या, महागड्या कक्षांच्या सोयींवर जास्त येते. 1955 च्या काँक्रीटच्या पोटात अशा जागा निघत नाहीत. पायऱ्या अरुंद, स्वच्छतागृहं अपुरी, मधला वावर दाटीवाटीचा. आणि सर्वात मोठी अडचण अशी की घर दुरुस्त करायचं तर राहायचं कुठे? लीगमध्ये प्रत्येक क्लबचे वर्षाला 19 सामने घरच्या मैदानावर, दोघांचे मिळून 38. वर युरोपातल्या स्पर्धा, चषकाचे सामने. गवंड्याने यायचं कधी? 2024 मध्ये एका मोठ्या बांधकाम कंपनीने सामने चालू ठेवून नूतनीकरण कसं करता येईल याचा आराखडाही दिला होता. क्लबांनी तो पाहिला आणि खर्च परवडत नाही म्हणून नाकारला.

दुसऱ्या बाजूला होते शहरातले नागरिक, शेजारच्या वस्तीतले रहिवासी, काही नगरसेवक, काही जुने खेळाडू. त्यांचं म्हणणं, चांगली उभी असलेली सार्वजनिक इमारत पाडून तिच्या राडारोड्याचा डोंगर करायचा, आणि बदल्यात कार्यालयं, हॉटेल, दुकानं यांचा प्रकल्प आणायचा, हे कशासाठी? स्टेडियम हे निमित्त आहे, खरा डोळा जमिनीवर आहे.

इथपर्यंतचं भांडण आपल्या सोसायटीतलंच आहे. यापुढे मात्र तत्त्वज्ञानाच्या शिक्षकाने कान टवकारावेत असं काही घडलं.

इटलीत सांस्कृतिक वारशाचा कायदा फार कडक आहे. एखादी वास्तू सार्वजनिक मालकीची असेल, तिला 70 वर्षं पूर्ण झाली असतील आणि तिचा कर्ता हयात नसेल, तर तिला आपोआप संरक्षण मिळतं. वारसा खात्याने तपासून 'हिच्यात विशेष काही नाही' असं म्हणेपर्यंत तिला हात लावता येत नाही. साहजिकच प्रश्न निघाला की सान सिरो 1926 चं आहे, मग त्याची सत्तरी कधीच उलटली, ते का पाडता?

2020 मध्ये वारसा खात्याने तपासणी करून उत्तर दिलं. त्याचा मथितार्थ असा: 1926 आणि 1939 च्या बांधकामाचं इतकं थोडं उरलं आहे की पूर्ण इमारतीच्या मानाने ते नगण्य आहे. आणि जे ठळकपणे उरलं आहे ते नंतरचं, म्हणजे सत्तर वर्षांच्या आतलं. त्याचा विचार आत्ता करताच येत नाही. सबब या वास्तूत संरक्षण द्यावं असं सांस्कृतिक मूल्य नाही.

थोडं थांबून याकडे पाहू. जुनं आहे ते उरलेलं नाही, आणि उरलेलं आहे ते जुनं नाही. म्हणून सान सिरो जुनं नाही. नागसेनांनी रथाचं चाक, आस, जू, दांडी एकेक करून बाजूला ठेवली आणि विचारलं, यातला रथ कोणता? मिलानच्या अधिकाऱ्यांनी अगदी तेच केलं. फरक इतकाच की नागसेनांना राजाचा अहंकार सोडवायचा होता, आणि इथे पाडकामाची परवानगी होती.

या उत्तराने आम्हाला आमचंच एक घर आठवलं. कोल्हापुरातलं वडिलोपार्जित घर आम्ही भावंडांनी विकासकाला दिलं, त्या कागदावर आमचीही सही आहे. त्या घराचं माजघर आजोबांनी बदललं होतं, न्हाणीघर वडिलांनी, कौलं काढून वर स्लॅब टाकला काकांनी. सही करायच्या दिवशी आमच्यातला प्रत्येक जण एकच वाक्य बोलत होता, "आता यात जुनं असं उरलंय काय?" आणि ते खरंच होतं. पण ते खरं का होतं? कारण तीन पिढ्यांनी ते घर पाडलं नाही, दुरुस्त करत ठेवलं, म्हणून. राहण्याजोगं ठेवलं म्हणून तर बदलत गेलं. ज्या प्रेमाने घर टिकवलं, तेच शेवटी घराविरुद्ध पुरावा म्हणून उभं राहिलं. सान सिरोच्या बाबतीतही हेच झालं. पिरेल्लींचं पस्तीस हजारांचं छोटं मैदान कुणी हात न लावता सोडून दिलं असतं, तर आज त्याला कायद्याचं कवच असतं. त्याच्यावर कड्यावर कडं चढवत गेले, त्याला दर पिढीच्या गर्दीला पुरेल असं केलं, म्हणून ते उघडं पडलं.

पण गोष्ट इथे संपली नाही. 2023 मध्ये वारसा खात्याने पालिकेला कळवलं की दुसरं कडं, म्हणजे रोंका आणि काल्झोलारी यांचं ते फेट्यासारखं गुंडाळलेलं काँक्रीट, लवकरच सत्तरीचं होईल, आणि ते झालं की त्याला संरक्षण लागू होईल. तारीखही निघाली. कागदोपत्री 10 नोव्हेंबर 1955 धरली, तेव्हा 10 नोव्हेंबर 2025. एका इमारतीला तीन वाढदिवस, आणि त्यातल्या मधल्या वाढदिवसावर तिचं मरण-जगणं ठरणार. त्या दिवसापर्यंत मालकी सार्वजनिक राहिली तर दुसरं कडं वाचलं, आणि ते वाचलं म्हणजे ज्याच्या भोवती ते आहे आणि ज्याच्या खाली ते आहे ते सगळंच अडकलं. त्याआधी विकलं गेलं, तर आपोआप मिळणारं संरक्षण लागू होत नाही.

मधल्या काळात काय काय झालं ते भराभर सांगतो. दोन-दोन आराखडे आले, एक निवडला, सार्वजनिक चर्चा झाल्या, क्लब रुसून शहराबाहेर जागा बघायला गेले, मिलान सान दोनातोकडे आणि इंटर रोझ्झानोकडे. मग परत आले. 2027 चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना सान सिरोला मिळायचा होता, तो गेला, कारण तोवर स्टेडियममध्ये काम चालू असेल की नाही याची हमीच शहराला देता येईना. दुरुस्ती नाही, नवं नाही, आणि निर्णयही नाही. सोसायटीवाल्या गृहस्थांना हे ओळखीचं वाटेल.

शेवटी 2025 च्या सप्टेंबरअखेर पालिकेच्या सभेत विक्रीचा ठराव आला. स्टेडियम आणि भोवतालची जमीन मिळून किंमत 19 कोटी 70 लाख युरो. सभा रात्रभर चालली. पहाटे मतदान झालं, 24 विरुद्ध 20. 5 नोव्हेंबरला खरेदीखत झालं. दुसऱ्या कड्याच्या सत्तरीला पाच दिवस बाकी होते.

आता 1935 कडे या. एका धनिकाने बांधलेलं स्टेडियम शहराने विकत घेतलं, नव्वद वर्षं शहराचं म्हणून सांभाळलं, आणि 2025 मध्ये पुन्हा खासगी हातात दिलं. या दोन खरेदीखतांच्या मधे जे काही झालं, दुसरं कडं, तिसरं कडं, ते सार्वजनिक मालकीच्या काळातलं आहे. आम्हाला वाटतं की 'दुरुस्ती की नवं' हा प्रश्न अभियंत्याला विचारण्याआधी 'कुणाचं' हा प्रश्न विचारावा लागतो. काँक्रीटमध्ये गंज किती शिरलाय हे मोजता येतं, पण त्या मोजमापाने निर्णय झाल्याचं उदाहरण शोधायला गेलो तर फार सापडत नाही.

आपल्याच मुंबईचं बघा. खेळ वेगळा आहे, पण मुद्दा तोच. ब्रेबर्न स्टेडियम 1937 चं. चाळिशीही न गाठलेलं, देखणं, चर्चगेटजवळ. त्याला तडा गेला नव्हता. तरी तिथून चालत जाण्याच्या अंतरावर वानखेडे स्टेडियम उभं राहिलं आणि जानेवारी 1975 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. का? तर ब्रेबर्नचा मालक क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचं तिकिटांच्या वाटपावरून बिनसलं होतं. बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी ठरवलं की मग आपलं वेगळं बांधू. जुन्या इमारतीचा त्यात काही दोष नव्हता. खुर्च्या कुणाच्या हातात, हा वाद होता. गंमत म्हणजे ब्रेबर्न आजही उभं आहे, आणि वानखेडेची मात्र 2011 च्या विश्वचषकाआधी मोठी तोडफोड करून फेररचना करावी लागली.

बार्सिलोनाने उलट निर्णय घेतला. त्यांचं काम्प नोउ 1957 चं, म्हणजे सान सिरोच्या दुसऱ्या कड्याच्या वयाचं. त्यांनी ते पाडून दुसरीकडे न जाता तिथेच जवळपास नव्याने घडवायला घेतलं. दोन हंगामांहून अधिक काळ संघ डोंगरावरच्या ऑलिंपिक मैदानात खेळला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये अर्धवट कामाच्या घरी परत आला. त्रास झाला, खर्च झाला, तारखा चुकल्या. पण तो क्लब सभासदांच्या मालकीचा आहे आणि स्टेडियमही त्यांचंच. भाडेकरूला जे परवडत नाही ते घरमालकाला परवडतं, कारण तो हिशेब वेगळ्या वहीत मांडतो.

म्हणून दुरुस्तीवाले बरोबर आणि पाडणारे चूक, असं आम्ही म्हणतोय का? नाही. इथे रिओ दि जानेरोच्या माराकानाकडे पाहावंच लागतं.

माराकाना 1950 च्या विश्वचषकासाठी बांधलं. त्या वर्षी 16 जुलैला ब्राझील तिथे उरुग्वेकडून 2-1 असा हरला, आणि पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं तिथे सुन्न बसली होती. मैदानाच्या अगदी कडेला, खेळाडूंच्या पायांच्या उंचीवर, उभं राहून बघायची एक जागा होती. तिला 'जेराल' म्हणत, म्हणजे सर्वसामान्यांची. तिकीट अगदी स्वस्त. खेळ नीट दिसायचा नाही, पावसात भिजायचं, पण गरिबातला गरीब माणूस तिथे येऊ शकत होता, वेष काढून, गाणी म्हणत. 2000 साली ब्राझीलच्या वारसा खात्याने माराकानाची संरक्षित वास्तू म्हणून नोंद केली. आणि 2005 मध्ये जेराल बंद झाली. खुर्च्या आल्या. मग 2014 च्या विश्वचषकासाठी आतल्या गॅलऱ्या पाडून नव्या केल्या, जुनं काँक्रीटचं छप्परही गेलं. नाव तेच, जागा तीच, यादीतली नोंद तीच. ते स्टेडियम कुणी पाडलं नाही, दुरुस्त केलं. पण जेरालमधला माणूस त्यानंतर कुठे उभा राहिला?

यावरून आम्हाला दिसतं ते असं की इमारत राखूनही जागा गमावता येते. मिलानमधल्या वादात आम्हाला सर्वात कमी ऐकू आलेला प्रश्न हाच आहे. फोस्टर आणि मानिका या वास्तुविशारदांनी आखायला घेतलेल्या नव्या स्टेडियमची क्षमता साधारण 71,500 सांगितली आहे. आजच्या सान सिरोत सुमारे 75 हजार माणसं बसतात. नवं बांधायचं, एवढा खर्च करायचा आणि खुर्च्या कमी करायच्या, हे कोणत्या गणितात बसतं? कमी खुर्च्या, पण प्रत्येक खुर्ची महाग, या गणितात. 1955 मध्ये मजला चढवला तो जास्त माणसं मावावीत म्हणून. आता बांधताहेत ते थोड्या माणसांकडून जास्त मिळावं म्हणून. आमचं मत विचाराल तर, दुसऱ्या कड्याचं काँक्रीट गेल्याचं आम्हाला दुःख होईल, पण ते सोसता येईल. ज्याच्यासाठी तो सोपा चढ बांधला होता त्या माणसाला नव्या दारातून आत जाता येणार की नाही, हे खरेदीखतात कुठे लिहायला हवं होतं. शहराच्या हातात जमीन होती तेव्हा ही अट घालण्याची ताकद होती. विकल्यावर विनंती करता येते.

मागच्या रांगेतल्या गृहस्थांना उत्तर अजून दिलं नाही याची आम्हाला जाणीव आहे. तुमची इमारत आम्ही पाहिलेली नाही, तेव्हा पाडा की ठेवा हे सांगणार नाही. पण पुढच्या सभेला जाल तेव्हा संरचनेच्या तपासणीचा अहवाल वाचून झाल्यावर एक विचारा. तळमजल्यावर पागडीने राहणारे, दुकानाचा गाळा चालवणारे, वॉचमनचं कुटुंब, यांची नावं नव्या नकाशात कुठे आहेत? अहवालातल्या तड्यांचे फोटो त्यानंतर पाहा.

जाता जाता इंटरच्या त्या जुन्या अरेनाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. ती 1807 मधली, नेपोलियनच्या काळातली. मधल्या भागात पाणी भरून तिथे नौकायुद्धाचे खेळ केले गेले होते. इटलीच्या राष्ट्रीय संघाचा पहिला फुटबॉल सामना 15 मे 1910 रोजी तिथेच झाला. फ्रान्सला त्यांनी 6-2 असं हरवलं. मोठ्या फुटबॉलला ती पुरेना, म्हणून इंटर तिथून सान सिरोला गेलं. तिच्यावर कुणी दुसरं कडं चढवलं नाही, तिसरं नाही, छप्पर नाही. शहराच्या मध्यावर, सेंपियोने बागेच्या कडेला, ती अजून आहे. मुलं तिथे पळायच्या शर्यती लावतात.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेपासून सुरुवात करू या.